नाट्यगृहाचे राखणदार

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत पहिल्या नाट्यप्रयोगाची कथा आली आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवांत देवांच्या विजयाचा प्रयोग चालला असतां असुर रुसले, आणि विघ्नांनीं नटांची वाचा व हालचाल बंद पाडली. इंद्रानें ध्वजाचा दंड उचलून त्या विघ्नांचीं अंगें जर्जर केलीं. म्हणून त्या दंडाचें नांव 'जर्जर' पडलें. पण ब्रह्मदेवानें तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. विश्वकर्म्याकडून त्यानें नाट्यगृह बांधविलें. द्वार, स्तंभ, नेपथ्य, रंगपीठ अशा एकेका जागीं राखणीसाठीं देवता नेमल्या. आणि रुसलेल्या असुरांचीही समजूत घातली. नाटक ही कला खरी. परंतु ती उभी राहावयास दंड, घर, राखण आणि तह हीं चारही लागतात, हें मर्म या कथेंत आहे.

ही कथा आतां आठवण्याचें कारण एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र. ती न्यू जर्सीस असते. सांगलीहून आलेल्या आईला न्यूयॉर्कचें एखादें संगीत नाटक दाखवावें असें तिच्या मनांत होतें. भाषा समजली नाहीं तरी गाणें आणि रंगभूमीचा थाट आईला समजेल, हा तिचा विचार. परंतु नांवाजलेल्या नाटकाच्या दोन बऱ्या जागांचा भाव ऐकून आईनें मनांतल्या मनांत रुपये केले आणि ती म्हणाली, "एवढ्यांत आपल्याकडे घराचा रंग होतो गं! आपण बाहेरून दिवे बघूं आणि परत जाऊं." शेवटीं चौकांतील एका खिडकीपुढें दोघी दीड तास रांगेंत उभ्या राहिल्या, आणि त्याच संध्याकाळच्या दुसऱ्या एका नाटकाचीं तिकिटें त्यांना निम्म्या भावानें मिळालीं. आई प्रयोगभर खूष होती. मुलीनें मात्र आम्हांस विचारलें आहे, "सर, येथें नाटकवाल्यांचा मोठा संघ आहे म्हणतात. तो नेमकें करतो काय, आणि कोणासाठीं?"

प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

ब्रॉडवे हें वस्तुतः न्यूयॉर्कमधील एका रस्त्याचें नांव. पण नाट्यव्यवहारांत त्या नांवानें तेथील, पांचशें किंवा अधिक जागांचीं, ४१ नाट्यगृहें ओळखलीं जातात. आणि त्यांतील बहुतेक त्या रस्त्यावर नसून आसपासच्या गल्ल्यांत आहेत. नाट्यगृहांचे मालक, नाटकांचे निर्माते, व्यवस्थापक आणि इतर शहरांत दौऱ्यावरचीं नाटकें लावणारे व्यावसायिक, असे सुमारें सातशें सभासद असलेला संघ म्हणजे 'ब्रॉडवे लीग'. हें नांव २००७ सालचें. १९३० सालीं स्थापना झाली त्या वेळीं त्याचें नांव 'लीग ऑफ न्यूयॉर्क थिएटर्स' असें होतें.

संघ जन्मास आला तो तिकिटांच्या दलालांमुळें. दलाल चांगल्या जागा आगाऊ उचलीत व गरजू प्रेक्षकास वाटेल त्या भावानें विकीत. वरचा पैसा नटास नाहीं, नाटककारास नाहीं, मालकासही नाहीं; आणि लुटला गेलेला प्रेक्षक शिव्या देई त्या मात्र नाट्यगृहास. छापील किंमतीवर पन्नास सेंटांहून अधिक घेऊन तिकीट पुन्हां विकूं नये, असा कायदा न्यूयॉर्क राज्यानें केला होता. पण १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं तो रद्द ठरविला. तिकिटाचा भाव बांधून देणें हें सरकारचें काम नव्हे, असा निकालाचा आशय होता. आतां एकट्या मालकानें दलालास दार बंद करावें, तर दलाल आपलें गिऱ्हाईक शेजारच्या नाट्यगृहाकडे वळविणार. जें एकट्यास साधत नाहीं तें सर्वांनीं मिळून केलें तरच साधतें. संघाची सारी उपपत्ति एवढीच आहे. त्यांतच १९२९ च्या अखेरीस आर्थिक मंदी आली, बोलपटांनीं प्रेक्षक ओढून नेला, आणि भांडत बसण्याची चैन कोणालाच परवडेना.

दुसरें काम तहाचें. १९१९ च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्कच्या नटांनीं संप केला आणि तो महिनाभर टिकवून जिंकला. तेव्हांपासून तेथील रंगभूमीवर प्रत्येक वर्गाचा कामगारसंघ आहे: नटांचा वेगळा, वादकांचा वेगळा, पडदे-दिवे सांभाळणाऱ्यांचा वेगळा. या सर्वांशीं प्रत्येक निर्मात्यानें स्वतंत्र करार करावयाचे ठरविलें, तर नाटक रंगमंचावर येण्याआधींच सोडून द्यावें लागेल. म्हणून मालकांच्या बाजूनें बोलणीं संघ करतो. हे तह नेहमींच गोडीनें होतात असें नाहीं. मोठ्या नाट्यगृहांतून संगीतकासाठीं किमान किती वादक असावे, या वादावरून २००३ च्या मार्चमध्यें वादकांनीं संप केला. तुमच्यावांचून यंत्राच्या वाद्यवृंदावर भागवूं, असें निर्माते म्हणत होते. परंतु नट आणि रंगमंचावरचे कामगार वादकांच्या बाजूस उभे राहिले, आणि चार दिवस संगीतकें बंद पडलीं. अखेर नगरपालांच्या मध्यस्थीनें रात्रभर खल होऊन मिटलें: मोठ्या नाट्यगृहांतील २४ ते २६ वादकांची किमान संख्या १८-१९ वर आली. २००७ च्या नोव्हेंबरांत रंगमंच-कामगारांचा संप १९ दिवस चालला. अशा भांडणांत संघ मालकांचाच वकील असतो, आणि तें तो लपवीतही नाहीं.

तिसरें काम डंका वाजविण्याचें. १९४६ सालीं वारलेल्या अँटोनेट पेरी या दिग्दर्शिकेच्या स्मरणार्थ 'अमेरिकन थिएटर विंग' या संस्थेनें १९४७ पासून 'टोनी' पारितोषिकें देण्यास आरंभ केला. १९६७ सालीं हा संघ त्यांत भागीदार झाला, आणि त्याच वर्षीं तो समारंभ दूरचित्रवाणीवरून देशभर दिसूं लागला. एका मेजवानीचा समारंभ साऱ्या धंद्याची वार्षिक जाहिरात बनला. मत देणाऱ्यांत संघाचे सभासदही असतात, म्हणजे ज्यांचा पैसा नाटकांत गुंतलेला त्यांचेंही मत गुणांच्या निवाड्यांत पडतें. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. याखेरीज नाटकांच्या उत्पन्नाचे आठवड्याचे आंकडे संघ प्रसिद्ध करतो. २०१८-१९ च्या हंगामांत १ कोटी ४७ लाखांवर तिकिटें खपलीं आणि सुमारें १८३ कोटी डॉलर जमा झाले. प्रेक्षकांत शंभरांतले सुमारें पासष्ट परगांवचे प्रवासी होते. असे आंकडे हातीं असले म्हणजे सरकारच्या दारीं जातां येतें. 'नाटकावर आमचीच नव्हे, तर खाणावळवाला, गाडीवाला, उपाहारगृहवाला यांचीही भाकरी आहे,' हें सिद्ध करून दाखवितां येतें.

मास्तरकीच्या दृष्टीनें आम्हांस विशेष वाटलें तें दुसरेंच. १९९६ पासून संघ वर्षांतील ठरावीक रात्रीं, पूर्ण तिकीट काढणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर एका मुलास फुकट प्रवेश देण्याची व्यवस्था करतो; आणि २००९ पासून देशभरच्या माध्यमिक शाळांतील गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांना न्यूयॉर्कला बोलावून बक्षिसें दिलीं जातात. यांतही व्यापार आहेच. आजचा फुकटा मुलगा वीस वर्षांनीं तिकीट काढणारा गृहस्थ होतो. पण एवढ्या लांबचा विचार एकटा निर्माता करूं शकत नाहीं. त्याचें लक्ष पुढल्या शनिवारच्या गल्ल्यावर असतें.

संघाची कसोटी लागली ती महामारींत. १२ मार्च २०२० रोजीं सारीं नाट्यगृहें बंद झालीं. आरंभीं महिनाभराची म्हणून सांगितलेली ही बंदी दीड वर्षाच्या घरांत गेली. ज्या धंद्यांत न विकलेली जागा पडदा वर जातांच कायमची बुडते, त्या धंद्यांत सारेच प्रयोग बुडाले. डिसेंबर २०२० मध्यें अमेरिकेच्या कायदेमंडळानें बंद पडलेल्या रंगस्थळांसाठीं साहाय्य मंजूर केलें; त्यासाठीं खटपट करणाऱ्यांत हा संघ होता. पुढें जुलै २०२१ मध्यें, प्रेक्षकानें लस घेतलेली असावी आणि तोंडावर पट्टी बांधावी, हा एकच नियम ४१ नाट्यगृहांसाठीं जाहीर झाला. एका नाट्यगृहानें सक्ती करावी आणि शेजारच्यानें सोडून द्यावी, असा घोळ झाला नाहीं. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं मोठीं नाटकें एका दिवशीं पुन्हां सुरू झालीं, तीं या एकवाक्यतेच्या बळावर.

येथवर संघाचें पारडें जड आहे. आतां पहिल्या प्रतिज्ञेकडे वळूं. दलालांपासून प्रेक्षकास वांचविण्याचें पुढें काय झालें?

२००१ सालीं 'द प्रोड्यूसर्स' या नाटकानें १२ टोनी पटकाविलीं आणि त्याच्या तिकिटांसाठीं झुंबड उडाली. नेहमींचा वरचा भाव १०० डॉलर. दलाल त्याच्या कित्येक पट घेऊं लागले. तेव्हां निर्मात्यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कांहीं निवडक जागा स्वतःच ४८० डॉलरना विकावयास काढल्या. दलाल जो पैसा खातो तो ज्यांनीं नाटक उभें केलें त्यांच्या हातीं पडावा, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पण ही चाल लवकरच रूढ झाली. २०१६ सालीं 'हॅमिल्टन'च्या उत्तम जागेचा भाव ८४९ डॉलर झाला. त्याबरोबर दहा डॉलरांत सोडतीनें द्यावयाच्या जागा २१ वरून ४६ करण्यांत आल्या, हेंही सांगितलें पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस, संगणकांकरवीं क्षणांत तिकिटें लुटणाऱ्या दलालांविरुद्ध अमेरिकेनें देशव्यापी कायदा केला. म्हणजे दलालाचा हात कांहींसा आंखडला. परंतु प्रेक्षकाच्या खिशांतून जाणारा पैसा कमी झाला नाहीं. त्याची दिशा तेवढी बदलली. आमच्या विद्यार्थिनीच्या आईला जो भाव ऐकून रंगकाम आठवलें, तो दलालाचा नव्हता. तो खिडकीवरचाच होता.

मग त्या मायलेकींना नाटक दाखविलें कोणीं? ज्या खिडकीपुढें त्या रांगेंत उभ्या राहिल्या, ती या संघाची नव्हे. 'थिएटर डेव्हलपमेंट फंड' ही १९६८ सालीं निघालेली निराळी, नफा न घेणारी संस्था. १९७३ पासून ती टाइम्स चौकाच्या उत्तर टोकास, न खपलेलीं तिकिटें सवलतीनें, कित्येक वेळां निम्म्या भावांत, विकते. निर्मात्यांनाही रिकाम्या खुर्चीपेक्षां अर्धा पैसा बरा वाटतो, म्हणून दोघांचें जमतें. पण प्रेक्षकाच्या बाजूनें उभें राहावयास वेगळी संस्था लागली, ही गोष्ट विसरतां कामा नये.

हें सारें वाचतांना मन वारंवार आपल्या जुन्या मंडळ्यांकडे जात होतें. आपल्याकडे नाट्यसंमेलनें १९०५ पासून भरूं लागलीं, तरी मंडळ्या जगल्या त्या आपापल्या हिमतीवर. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या गोष्टी जशा घरोघरीं सांगतात, तशाच तिच्या कर्जाच्याही. ८ जुलै १९२१ रोजीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मुंबईंत मिळून 'मानापमान' केलें, आणि दोन प्रतिस्पर्धी एकत्र आले म्हणजे काय घडतें तें महाराष्ट्रानें पाहिलें. परंतु तें एकत्र येणें टिळक स्वराज्य फंडासाठीं होतें. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व 'धर्मात्मा'च्या पडद्यावर दिसले, आणि बिऱ्हाडासह गांवोगांव फिरणाऱ्या मंडळ्या एकामागून एक विसर्जित झाल्या. बोलपट न्यूयॉर्कलाही आला होता. तेथेंही त्या दशकांत नाटकें घटलीं, नाट्यगृहें बंद पडलीं. पण तेथें धंद्याची राखण करणारें कोणी उभें राहिलें. येथें प्रत्येक मालक आपल्या दाराशीं एकटा राहिला. संघ असता तर सारें वांचलें असतें, असा आमचा दावा नाहीं. सावकारापुढें मात्र एकट्यानें जावें लागलें नसतें.

तेव्हां विद्यार्थिनीस आम्ही असें लिहिलें आहे: बाई, हा संघ नाट्यगृहाचें दार राखतो, खांब राखतो, गल्ला राखतो, आणि भांडणें मिटवितो. तो नसता तर तुझ्या आईस पाहावयास कदाचित् नाटकच उरलें नसतें, म्हणून त्यास नांवें ठेवूं नकोस. पण तो विकणाऱ्यांचा संघ आहे. घेणाऱ्याची काळजी तो विकण्यास आवश्यक तेवढीच करणार, आणि त्याहून अधिक अपेक्षा करणें ही आपली चूक. पुढल्या वेळीं आई आली म्हणजे सरळ त्याच रांगेंत उभी राहा. आणि त्या रात्रीं कोणतें गाणें आईस आवडलें, तें कळीव. पत्रांत तेवढें राहून गेलें आहे.