फळी तिथेच राहू द्या

लांब उडीच्या फळीपाशी बसणारा पंच अख्ख्या मैदानावर सगळ्यात जास्त बोलणी खातो. शाळेत खेळ शिकवत असताना आणि पुढे जिल्हा स्पर्धांना पंच म्हणून बसताना माझ्या वाट्याची मी भरपूर खाल्ली आहेत. लाल झेंडा वर गेला की मुलगी वाळू झटकत येते, "सर, कुठे फाऊल? दाखवा ना!" तिच्यामागे तिचे प्रशिक्षक, प्रशिक्षकांच्या मागे तावातावाने येणारे वडील. म्हणून २०२४ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ही फळीच काढून बघायची असं ठरवलं, तेव्हा खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. मला ते अजिबात पटलं नाही. का, ते सांगायला लांब उडीपटू फिओना मेची कारकीर्द सगळ्यात सोयीची.

संघटनेचं म्हणणं असं होतं : २०२३ च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत जवळजवळ एक तृतीयांश उड्या फाऊल गेल्या. प्रेक्षक कंटाळतात. तेव्हा वीस सेंटीमीटरच्या फळीऐवजी चाळीस सेंटीमीटरचा पट्टा आखावा आणि त्यात जिथून पाय उचलला तिथून अंतर मोजावं. लांब उडीचा दिग्गज कार्ल लुईस याने या कल्पनेची टर उडवली. पण टर उडवणं हे उत्तर नव्हे, कारण फाऊलने माणसाचं नुकसान होतं हे खरंच आहे.

आता फिओना मे. जन्म १९६९ चा, इंग्लंडमधल्या स्लाव गावचा. आईवडील मूळचे जमैकाचे. ब्रिटनकडून ती १९८८ मध्ये कुमार गटाची जगज्जेती झाली, त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये सहावी आली. पुढे गाडी अडली. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तर अंतिम फेरीही गाठता आली नाही. १९९३ मध्ये तिने इटलीचा बांबूउडीपटू जान्नी यापिकीनो याच्याशी लग्न केलं आणि १९९४ पासून ती इटलीकडून उतरू लागली. तिथून पुढे कारकीर्द खुलली. १९९५ ला गोथेनबर्गमध्ये ६.९८ मीटर मारून जगज्जेती. १९९८ ला तिहेरी उडीतही तिने १४.६५ मीटर मारले. पण पोट भरायचं आणि नाव कमवायचं ते लांब उडीवरच.

या बाईच्या कपाटातली पदकं ओळीने मांडली तर प्रत्येकाच्या मागे सेंटीमीटरांचा हिशेब निघतो. १९९६, अटलांटा ऑलिंपिक : मे ७.०२, रौप्य, तिसरी जॅकी जॉयनर-कर्सी ७.००. १९९८, बुडापेस्टची युरोपीय स्पर्धा : मेने आयुष्यातली सर्वोत्तम ७.११ ची उडी मारली, आणि हाइके ड्रेक्सलर ७.१६ मारून पुढे निघून गेली. २०००, सिडनी : मे ६.९२ आणि मेरियन जोन्सही ६.९२. बरोबरी झाली की दुसऱ्या क्रमांकाची चांगली उडी बघतात. त्यावर मेला रौप्य मिळालं. जोन्सचं पदक पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात काढून घेतलं गेलं, ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात कडू प्रसंग सेव्हिलचा, १९९९ च्या जागतिक स्पर्धेतला. यजमान स्पेनकडून निउर्का मोंताल्वो उतरली होती. तीही मेसारखीच देश बदललेली, मूळची क्यूबाची. मेची सर्वोत्तम उडी ६.९४. मोंताल्वोने ७.०६ मारली, पंचांनी पांढरा झेंडा दाखवला आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. मग पडद्यावर उडी पुन्हा दिसली. बुटाचं टोक रेषेच्या पलीकडे गेल्यासारखं दिसत होतं. इटलीने हरकत घेतली, ती फेटाळली गेली. सुवर्ण मोंताल्वोकडे राहिलं.

इथे त्या काळचा नियम समजून घ्यायला हवा. फळीच्या पुढे दहा सेंटीमीटर रुंदीची प्लॅस्टिसिनची पट्टी असायची, मऊ आणि फळीपासून किंचित वर चढणारी. पंच तिच्यावर ठसा शोधायचा. ठसा उमटला तर फाऊल, नाही तर उडी ग्राह्य. गोम अशी की वेगात येणाऱ्या पायाचं टोक रेषेवरून पुढे झेपावूनही प्लॅस्टिसिनला न शिवता निघू शकतं. म्हणजे डोळ्यांना दिसणारी आगळीक कागदावर गुन्हाच ठरत नसे. नोव्हेंबर २०२१ पासून हे बदललं : आता रेषेवर एक उभी भिंत आहे असं मानायचं, आणि उडी घेताना बुटाचा कुठलाही भाग त्या भिंतीपलीकडे गेला की फाऊल. हे बघायला कॅमेरे आले. सेव्हिलमध्ये जे दुखणं होतं त्यावर औषध हे होतं, आणि ते लागू पडलेलं आहे.

मग फळी हलवायची कशाला? समर्थक म्हणतील, मेसारख्यांचं भलं होईल म्हणून. तेही तपासून बघू. २००१ ला एडमंटनमध्ये मे दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. तिची उडी ७.०२, रशियाच्या तात्याना कोतोवाची ७.०१. एक सेंटीमीटर! वारा २.६ चा, म्हणजे विक्रमासाठी चालला नसता, पदकाला मात्र चालतो. कांस्य कोणाला? त्याच मोंताल्वोला, ६.८८ वर. पाय जिथे पडेल तिथून मोजलं असतं तर हे सोनं मेच्या हातून निसटूही शकलं असतं. फळीच्या मागे किती जागा वाया घालवली हा तिथे निकालाचा भाग होता, आणि तो असायलाच हवा.

कारण लांब उडी म्हणजे नुसतं अंतर नव्हे. जीव तोडून धावत यायचं आणि शेवटच्या चार-पाच पावलांत, वेग न मोडता, पाय नेमका फळीवर आणायचा. वारा मागून आला की पावलं लांबतात, समोरून आला की आखडतात. खूण अर्धा फूट मागे-पुढे सरकवावी लागते. पोरींकडून वर्षभर मी जी मेहनत करून घेत असे, त्यातला मोठा वाटा या मोजलेल्या धावेचा असे. पट्टा आला की ही सगळी विद्या बुडीत खाती. सुईत दोरा ओवणं अवघड जातं म्हणून कोणी नेढं हातभर करत नाही.

मेची मुलगी लारिसा आज वडिलांच्या हाताखाली लांब उडीच मारते. २०२४ च्या रोमच्या युरोपीय स्पर्धेत तिला रौप्य मिळालं, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती ६.८७ वर चौथी आली. आई जिच्यावरून उडाली त्याच वीस सेंटीमीटरच्या फळीवरून ती उडते, म्हणून तर ७.११ शी तिची तुलना करता येते. पट्टा आला की जुने आकडे एका खेळाचे आणि नवे दुसऱ्याच खेळाचे होतील.

खर्च करायचाच असेल तर नजरेवर करा. मोठ्या स्पर्धांत कॅमेरे आहेत. आपल्या जिल्हा आणि विभागीय मैदानांवर मात्र आजही एक पंच उकिडवा बसून एका डोळ्याने रेषा आणि दुसऱ्याने पाय बघतो. रेषेच्या सरळ समोर स्टँडवर एक मोबाईल लावला, हळू गतीचं चित्रण ठेवलं आणि हरकत आली की खेळाडूला ते दाखवलं, तर निम्मी भांडणं जागीच मिटतील. तालुक्याच्या क्रीडा बजेटातही हे बसतं. पंचांची दोन दिवसांची उजळणी दरवर्षी घ्या, यजमान शाळेचा शिक्षक स्वतःच्या खेळाडूच्या फळीवर बसवू नका. खेळाडूला फाऊलचं दुःख होतं, पण ते पचतं. पचत नाही ती शंका. ती काढण्याची साधनं आज हातात आहेत, तेव्हा फळीला हात लावण्याचं कारणच उरत नाही.