लोकमत पुढे, कायदा मागे

ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून मध्य प्रदेशात आपला नवा पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच महिन्यात, १७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारून निर्णय संसदेवर सोपवला. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

लोकमत मात्र थांबलेले नाही. ‘प्यू’ संस्थेच्या २०१९च्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी म्हणणारे भारतीय ३७ टक्के होते. २०२३मध्ये अशा विवाहांनाच ५३ टक्क्यांनी अनुकूलता दर्शवली. दोन्ही प्रश्न वेगळे होते, पण वारे कुठे वाहते ते कळते. हे महानगरी खूळ म्हणावे, तर शेजारच्या महाराष्ट्रातील यवतमाळात २०१७च्या अखेरीस दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला आहे. मध्य प्रदेशच्याच सशस्त्र दलातील दोन महिला शिपायांनी १९८७मध्ये लग्न केले आणि नोकरी गमावली.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत दगडफेकीची गोटमार होते, तिच्यामागे पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी यांच्या प्रेमाची आख्यायिका आहे. दोन्ही गावांच्या दगडांत ते जोडपे मेले. आज त्या दगडांची बाजू कोण घेईल?

केंद्राने ऑगस्ट २०२४मध्ये समलिंगी जोडीदारांच्या संयुक्त बँक खात्याला आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. वारसा, कुटुंब निवृत्तिवेतन, दत्तक हे प्रश्न तसेच आहेत. या प्रश्नांवर केंद्राने नेमलेल्या समितीच्या शिफारशींना मुदत हवी आणि त्यांवर संसदेत खुली चर्चा व्हायला हवी.