आंत्रपुच्छदाह आणि सी. टी. चें चित्र

इ. स. १९०२ च्या जूनमध्यें सातवे एडवर्ड बादशहा यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असतां त्यांच्या पोटांतील गळूं फोडावें लागलें आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबणीवर पडला. आंत्रपुच्छाजवळ झालेलें तें गळूं. शस्त्रवैद्य ट्रीव्ह्ज यांच्यापाशीं रोगाची मजल ओळखण्यास हाताचीं बोटें, अंगांतला ताप आणि अनुभव एवढीच काय ती सामग्री होती.

आज तेंच काम पुष्कळसें सी. टी. यंत्र करतें. हौन्सफील्ड यांनीं शोधिलेलें हें यंत्र १९७१ सालीं लंडन येथें प्रथम मेंदूच्या रोग्यासाठीं वापरण्यांत आलें. क्ष-किरणांच्या साह्यानें तें शरीराच्या आडव्या चकत्या चित्ररूपानें डोळ्यांपुढें मांडतें. आंत्रपुच्छ सुमारें ६ मिलिमीटरांहून जाड झालेलें, त्याची भिंत सुजलेली आणि भोंवतालची चरबी गढुळलेली दिसली म्हणजे दाहाचा संशय बळावतो. पण दाह आहे कीं नाहीं, एवढ्यावर प्रश्न संपत नाहीं. तो कितपत वाढला आहे, हाच खरा प्रश्न. भिंतींत पडलेली खिंड, पुवाचा सांठा, पोकळीबाहेर निसटलेली हवा, आंत अडकलेला मळाचा खडा, या खुणा पाहून डॉक्टर पुढील मार्ग ठरवितात.

त्या खड्याचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें. फिन्लंडांत ५३० प्रौढ रोग्यांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सी. टी. नें ‘साधा’ ठरलेलाच दाह घेतला होता. खडा असलेले रोगी वगळले होते. केवळ जंतुनाशक औषधें दिलेल्यांपैकीं शेंकडा २७ जणांवर वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करावी लागली. अमेरिकेंतील २०२० च्या प्रयोगांत खडा असलेलेही घेतले होते. तेथें औषधें घेतलेल्यांपैकीं तीन महिन्यांत शस्त्रक्रियेची पाळी खडा असलेल्यांत शेंकडा ४१ जणांवर आली, नसलेल्यांत २५ वर. तेव्हां शेजारचे अमुक गृहस्थ नुसत्या औषधांनीं बरे झाले, म्हणून आपल्या घरच्या रोग्याचीही कापाकापी टळेल, असा हिशेब मांडण्यापूर्वीं खडा आहे कीं नाहीं, तें डॉक्टरांस विचारावें.

यंत्रही सर्वज्ञ नव्हे. बारीक छिद्र त्याच्या दृष्टींतून सुटतें. कृश माणसाच्या पोटांत चरबीच थोडी असल्यामुळें चित्र वाचणें अवघड जातें. (आमच्या घरांतील किरकोळ अंगाच्या मुलांचें काय, हें सांगणें नकोच.) शिवाय क्ष-किरणांची मात्रा लक्षांत घेऊन मुलांस व गर्भवतींस बहुधा आधीं ध्वनिलहरींची, म्हणजे सोनोग्राफीची, तपासणी करतात.

मात्र चित्र काढावयास रोगी वेळेवर पोंचला पाहिजे. बेंबीपाशीं सुरू झालेलें दुखणें उजव्या कुशींत उतरलें असतां वडीलधाऱ्यांनीं मायेनें पुढें केलेली एरंडेलाची वाटी दूर ठेवावी; रेचकानें सुजलेलें आंत्रपुच्छ फुटण्याची भीति असते. आणि तें फुटल्यावर वेदना कांहीं वेळ एकाएकीं थांबतात. घरांत देवापुढें साखर ठेवली जाते ती पुष्कळदां याच घटकेस, आणि पोटांत पू पसरूं लागतो तोही तेव्हांच.