सर्वांत कमी दर आणि आपला धर्म

स्वस्ताई हा सद्गुणच आहे, असे आपल्या समाजाने जणू एकमताने ठरवून टाकले आहे. घासाघीस करून चार पैसे वाचवणारी गृहिणी काटकसरी आणि धर्मग्रामासाठी सर्वांत कमी दराचे कोटेशन मिळवणारा चिटणीस कर्तबगार! गायकवृंदाचे गणवेश असोत, दृढीकरणाच्या मुलामुलींचे पोशाख असोत वा सणाच्या दिवशी स्वयंसेवकांनी घालायचे टी-शर्ट असोत; तीन कोटेशने मागवावीत, त्यांतले खालचे स्वीकारावे आणि बचतीचा आकडा अहवालात अभिमानाने छापावा, अशी रीत पडून गेली आहे. हिशेबाच्या दृष्टीने ही रीत निर्दोष असेल. ख्रिस्ती नीतीच्या दृष्टीने ती निर्दोष नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

दर कमी होतो म्हणजे नेमके काय होते? कापडाचा भाव गिरणी ठरवते, विजेचा दर वीज कंपनी ठरवते, गाळ्याचे भाडे मालक ठरवतो आणि दलाल आपला वाटा सोडत नाही. मग घासाघिशीला वाव उरतो तो एकाच ठिकाणी: शिलाई यंत्रावर वाकलेल्या माणसाच्या मजुरीत. ही मजुरी बहुधा नगावर मोजली जाते. दर उतरला की तेवढ्याच पैशांसाठी अधिक नग, अधिक तास, आणि घरी नेलेल्या गाठोड्यावर मुलांचेही हात. मुळात दुकानातील किमतीत शिवणाऱ्याच्या मजुरीचा वाटा शंभरात तीन रुपयांहून सहसा अधिक नसतो, असे कामगारांच्या बाजूने काम करणाऱ्या संघटना सांगत आल्या आहेत. त्या तिनांतूनच आपली बचत निघते.

ही ओढाताण टोकाला गेली की काय होते, ते जगाने २४ एप्रिल २०१३ रोजी पाहिले. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली, अडीच हजारांवर जखमी झाली. इमारतीला तडे गेल्याचे आदल्याच दिवशी दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र पुन्हा कामावर बोलावण्यात आले, कारण परदेशी मालाची मुदत टळून चालणार नव्हती. आठच दिवसांनी, १ मे रोजी, कामगार संत योसेफ यांच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस यांनी मिस्साच्या प्रवचनात या कामगारांच्या महिना ३८ युरोंच्या पगाराचा उल्लेख केला आणि त्याला निःसंदिग्धपणे गुलामी म्हटले.

ही काही नव्या पोपमहाशयांची नवी शिकवण नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात सांगून ठेवले की, कामगाराने मजुरी मान्य केली एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. भुकेपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचे पोट जिच्यातून भागत नाही ती मजुरी अन्यायाचीच. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडण्याचे कारण सांगताना याच विश्वपत्राची आठवण दिली. त्याही मागे जायचे, तर शेतमजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, हे संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपण किती वेळा ऐकले असेल!

यावर उत्तर तयार असते: "पण फादर, आम्ही दान करतो ना!" करतो, हे खरे. नाताळाआधी जुन्या कपड्यांची गाठोडी देवळाच्या सभागृहात छतापर्यंत रचली जातात. परंतु द्वितीय व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील १९६५ च्या आदेशपत्रात एक कठोर गोष्ट सांगितली आहे: न्यायाने जे देणे आहे, ते दान म्हणून देऊ नये, आधी न्याय, मग दया. शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून दहा रुपये कापायचे आणि तिच्याच वस्तीत जुने कपडे वाटायचे, याला दया म्हणता येणार नाही. शिवाय ती गाठोडी एवढी उंच का होतात, हाही प्रश्न आहेच. कपडा स्वस्त झाला म्हणूनच तो दोनदा घालून टाकवतो. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. त्या कापसावर फवारलेल्या विषाने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, हे 'लाउदातो सी' या २०१५ च्या विश्वपत्राचे म्हणणे आपल्या विदर्भाइतके दुसरे कोण पटवून देईल?

मग वेगळे काही करता येते का? येते, आणि ते आपल्या दाराशीच झालेले आहे. इझाबेल मार्टिन या स्पॅनिश धर्मभगिनींनी १९८४ साली मुंबईत अंधेरीच्या झोपडपट्टीतील स्त्रियांना हाताशी धरून 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' ही संस्था उभी केली. आरंभ कापडी खेळण्यांपासून झाला; पुढे त्याच स्त्रिया शिवलेले कपडे युरोपातल्या न्याय्य व्यापाराच्या दुकानांना पाठवू लागल्या. या व्यापाराचे नियम साधे आहेत. दर उत्पादकाशी बोलून ठरतो. मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ मिळते. मुदत एवढी असते की रात्रपाळी करावी लागू नये. बड्या कंपन्यांची रीत याच्या नेमकी उलट. २०२० साली महामारी येताच त्यांनी एकट्या बांगलादेशातील सुमारे तीन अब्ज डॉलरच्या मागण्या रद्द केल्या वा लांबवल्या, आणि कापड आधीच विकत घेऊन बसलेला कारखानदार व त्याचा कामगार वाऱ्यावर सुटले. आगाऊ रक्कम ही मेहेरबानी नव्हे, संकटाची न्याय्य वाटणी आहे, हे तेव्हा कळून आले.

आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. गरिबाने महाग कपडा कसा घ्यावा? गरिबाने घ्यावा असे आम्ही म्हणतच नाही. दोन जोडांवर वर्ष काढणाऱ्या माणसावर या अन्यायाचा बोजा टाकणे हाच दुसरा अन्याय होईल. आमचा प्रश्न कपाट बंद होत नाही अशा घरांना आणि खात्यात शिल्लक असलेल्या धर्मग्रामांना आहे. मग महाग ते न्याय्य म्हणावे काय? मुळीच नाही. नामांकित शिक्का लावलेला शर्टही उपाशी हातांनी शिवलेला असू शकतो आणि 'पर्यावरणस्नेही' ही चिठ्ठी कोणालाही छापता येते. दर पाहून भागत नाही, विचारावे लागते. आणि एकट्याच्या विचारण्याने काय होते? राणा प्लाझानंतर कामगार संघटना आणि ग्राहक यांच्या रेट्यापुढे महिन्याभरात कंपन्यांना इमारतींच्या व आगीच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार करणे भाग पडले. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. मजुरीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. २०२३ साली तेथील कामगारांनी किमान २३,००० टाका मागितले, मिळाले १२,५००. म्हणजे विचारणे थांबवण्याची वेळ आलेली नाही.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे, पण ती आम्ही मागे घेणार नाही. येत्या वर्षापासून प्रत्येक धर्मग्राम पालक मंडळाने कपड्याची कोणतीही मागणी नोंदवताना चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. शिवणार कोण? एका नगामागे तिच्या हाती काय पडणार? आगाऊ रक्कम किती देणार? मुदत किती? उत्तर न देणाऱ्याचे कोटेशन, ते कितीही खालचे असो, बाजूला ठेवावे. आपल्याच गावात शिवणकाम करणारे महिला मंडळ असेल, तर पहिली मागणी त्याच्याकडे जावी, तीही सणाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तीन महिने आधी. जास्तीचा खर्च झेपत नसेल, तर कपडे कमी शिवावेत. गेल्या वर्षीचा गणवेश घालून गायलेले स्तोत्र देवाला कमी गोड लागते, असे कोणत्याही धर्मशास्त्रात लिहिलेले नाही.

आणि वार्षिक अहवालात यापुढे बचतीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापावा: शिवणाऱ्या हातांना आपण नगामागे किती रुपये दिले. तो छापायला संकोच वाटला, तर तेवढ्यावरूनच मंडळाने काय ते समजावे.