हमीपत्राची दुसरी बाजू

उन्हाळा सरून पावसाळा तोंडावर आला म्हणजे गावोगावच्या कुटुंबांत एकच धांदल उडते. मुलगा अथवा मुलगी परगावच्या महाविद्यालयात जावयाची असते. फीची रक्कम जुळवावयाची, वसतिगृहात जागा मिळवावयाची, आणि दाखल्यांच्या चळतीत आणखी एक कागद जोडावयाचा असतो. त्या कागदात विद्यार्थी लिहून देतो की, मी कोणाही सहाध्यायाचा छळ करणार नाही. आणि पालक लिहून देतो की, माझ्या पाल्याने तसे केल्यास होणारी शिक्षा मला मान्य आहे. बहुतेक ठिकाणी हा कागद न वाचताच त्यावर सही होते. व्यवहारात मुरलेला व्यापारी चार पैशांचा करार करताना समोरचा पक्ष काय लिहून देतो हे दोनदा वाचून पाहतो. परंतु पोटचे पोर काही वर्षांसाठी परक्यांच्या हवाली करताना हाच प्रश्न विचारण्याचे त्यास सुचत नाही. तो सुचावा एवढ्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम हा कागद आला कोठून ते पाहू. नव्या विद्यार्थ्यांस जुन्यांनी छळण्याची जी दुष्ट चाल रॅगिंग या नावाने ओळखली जाते, तिचे खरे स्वरूप १९९६ साली तामिळनाडूत उघड झाले. अण्णामलै विद्यापीठातील वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा त्या वर्षी खून झाला, आणि १९९७ साली त्या राज्याने रॅगिंगविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्राने १९९९ साली तोच मार्ग धरला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व देशास लागू अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, व २००७ साली राघवन समितीने आपला अहवाल सादर केला. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अवघ्या १९ वर्षांचा एक मुलगा वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीने प्राणास मुकला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने जी नियमावली जाहीर केली, तिच्यातूनच हे प्रतिज्ञापत्र निघाले आहे.

आता त्याच नियमावलीचे पुढचे पान उलटून पाहावे. विद्यार्थ्यांवर जशी बंधने आहेत, तशीच, किंबहुना त्याहून अधिक, संस्थेवर आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची व्यवस्था शक्य तो निराळ्या इमारतीत असावी. वसतिगृहाचा अधीक्षक कोणत्याही वेळी भेटण्याजोगा असावा. पथकाने वसतिगृहात अचानक जाऊन पाहणी करावी. पहिले तीन महिने दर पंधरवड्यास नव्या विद्यार्थ्यांकडून नाव न घेता माहिती घ्यावी. रॅगिंगविरोधी समितीत पोलीस, स्थानिक वृत्तपत्रे, पालक आणि नवे विद्यार्थी यांचे प्रतिनिधी असावेत. आणि फौजदारी गुन्हा घडल्याचे दिसताच संस्थेच्या प्रमुखाने २४ तासांच्या आत पोलिसांत फिर्याद नोंदवावी. महाराष्ट्राचा कायदा तर याहून कडक आहे. तक्रार आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्यात त्याने हयगय केली तर त्या गुन्ह्यास त्यानेच उत्तेजन दिले असे मानले जाते, व गुन्हेगारास सांगितलेली दोन वर्षांपर्यंतची कैद व दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड ही शिक्षा त्यासही होऊ शकते. म्हणजे करार दोन्ही पक्षांचा आहे. सही मात्र एकाच पक्षाची घेतली जाते.

याचा परिणाम काय होतो, ते कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी वसतिगृहाच्या सज्जावरून पडून मरण पावला. अटक झालेल्यांत शिक्षण संपल्यावरही वसतिगृहातच मुक्काम ठोकून राहिलेला एक माजी विद्यार्थी होता. पहिल्या वर्षाच्या मुलांस निराळ्या वसतिगृहात हलविण्याचा हुकूम निघाला तो या मृत्यूनंतर. नियम मात्र चौदा वर्षांपूर्वीचा होता. हे दूरच्या प्रांतात घडले म्हणून आम्हांस निश्चिंत राहता येत नाही. मे २०१९ मध्ये खुद्द मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातील तरुणीने जीव दिला. तिचा छळ चालल्याची तक्रार आपण आधीच केली होती, असे तिच्या आप्तांचे म्हणणे आहे.

मग नियम असून ते निजलेले का राहतात? संस्थाचालक दुष्ट असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु तक्रार नोंदली गेली की संस्थेचे नाव वृत्तपत्रांत येते, पुढील वर्षी प्रवेश घटण्याची धास्ती वाटते, आणि वरिष्ठांची विचारपूस सुरू होते. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच सोयीचा मार्ग ठरतो. रडत आलेल्या मुलास ‘थोडे सोस, हेही दिवस जातील’ असे समजावले जाते, आणि वर्षअखेर अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असे लिहिले जाते. ज्या वहीत वर्षानुवर्षे एकही बुडीत खाते दिसत नाही, ती पाहून जुना व्यापारी आनंदित होत नाही. तो ती वही पुन्हा तपासावयास घेतो. शून्य तक्रारींच्या अहवालाकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे.

रॅगिंगखेरीज इतर गाऱ्हाण्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. त्यांच्या निवारणासाठी आयोगाने २०२३ साली केलेल्या नियमांत समितीचे सभासद संस्थेचेच अध्यापक असून विद्यार्थी केवळ विशेष निमंत्रित आहे. अपिलासाठी लोकपाल आहे खरा. परंतु त्याची नेमणूक विद्यापीठानेच करावयाची असते, आणि तीदेखील न करणाऱ्या विद्यापीठांची यादी आयोगास २०२४ साली प्रसिद्ध करावी लागली. आपल्या जमाखर्चाचा तपासनीस आपल्याच मुनिमास नेमावा, असा हा प्रकार होय. याउलट लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१५ साली केलेल्या नियमांत प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास तीन निवडून दिलेले विद्यार्थी समितीत बसतात, व संस्थेबाहेरचा सभासदही असतो. जी गोष्ट एका बाबतीत शक्य झाली, ती दुसऱ्या बाबतीत अशक्य का असावी?

यावर आक्षेप येतो की, बाहेरच्या माणसांस आत घेतल्याने गुरुशिष्यांतील विश्वास नाहीसा होईल व खोट्या तक्रारींना ऊत येईल. आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. खोट्या आरोपाने एखाद्या होतकरू तरुणाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. शिवाय दोषी ओळखू न आल्यास सर्वांस मिळून शिक्षा करण्याची तरतूद नियमावलीत आहे, तिच्यात निरपराधही भरडले जाण्याचा संभव आहे. परंतु याच कारणास्तव चौकशी त्रयस्थाने करणे अगत्याचे ठरते. जो न्यायाधीश निकालाने स्वतःच्या नफ्यातोट्यात येत नाही, त्याच्याकडून फिर्यादीस जसा न्याय मिळतो तसाच आरोपीसही मिळतो. आणि विश्वासाविषयी म्हणाल, तर ज्या मुलास रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठवावे हे ठाऊक नाही, त्याच्यापुढे गुरुभक्तीची महती गाण्यात अर्थ नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रवेशाच्या वेळी प्राचार्य व वसतिगृहाचा अधीक्षक यांनी आपापली कर्तव्ये लिहून, सही करून विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत. पंधरवड्याच्या पाहणीचे निष्कर्ष, आलेल्या तक्रारींची संख्या व त्यांचा निकाल, कोणाचे नाव न घेता, दरवर्षी प्रसिद्ध करावेत. गंभीर तक्रारीची चौकशी निवृत्त न्यायाधीशासारख्या बाहेरच्या गृहस्थाकडे सोपवावी. आणि सरकारने प्रांजलपणे तक्रार नोंदविणाऱ्या संस्थेस बट्टा न लावता, लपविणाऱ्या संस्थेस लावावा.

परंतु सरकार जागे होईपर्यंत पालकांनी हात जोडून बसण्याचे कारण नाही. यंदा त्या कागदावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा : समितीत कोण आहेत, अधीक्षक रात्री कोठे भेटतो, नव्या मुलांची राहण्याची सोय निराळी आहे काय, आणि गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या व त्यांचे काय झाले. आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक मुलाच्या वहीत लिहून ठेवा. दहा पालकांनी असे विचारले तर संस्था उत्तर टाळील; शंभरांनी विचारले तर तिला उत्तर तयार ठेवावे लागेल, आणि ते तयार ठेवताना आपली घडीही नीट बसवावी लागेल.