परवानगीचें प्रेम

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा हिंदी बोलपट २० ऑक्टोबर १९९५ रोजीं पडद्यावर आला. मुंबईच्या 'मराठा मंदिर' चित्रगृहांत त्याचे १,००० आठवडे २०१४ च्या डिसेंबरांत भरले. पुढें फेब्रुवारी २०१५ मध्यें तो उतरविण्याचा बेत झाला, तोहि प्रेक्षकांच्या आग्रहामुळें फिरवावा लागला. एवढ्या लोकप्रियतेचें कारण विचारलें, म्हणजे आमच्या अकोल्या-अमरावतीच्या सुशिक्षित मंडळींकडून एकच उत्तर मिळतें: प्रेमाचा विजय, आणि तोहि वडीलधाऱ्यांचा मान राखून! या उत्तराचा पूर्वार्ध आम्हांस साफ नामंजूर आहे.

विजय होतो तो परवानगीचा. नायिकेची, सिमरनची, आई ही या कथेंतील सर्वांत शहाणी व्यक्ति. भावांसाठीं आपलें शिक्षण कसें थांबलें हें ती मुलीला सांगते. तुझ्यावर अशी पाळी येऊं देणार नाहीं ही आपली शपथ पाळतां येत नाहीं, म्हणून मुलीकडेच त्यागाची भीक मागते. पुढें तीच बाई धीर करून दागिने आणून देते व दोघांना पळून जा म्हणते. नायक नकार देतो! बापानें आपल्या हातानें दिल्याखेरीज तो वधू नेणार नाहीं. या बाणेदारपणावर टाळ्या पडतात. पण जिच्या लग्नाचा प्रश्न, तिला कोणीं विचारलें? शेवटीं गाडी सुटते, बाप मनगट सोडतो, तेव्हां कोठें ती धांवते. न सोडतां तर? शोभना समर्थांची नात काजोल इतकें जिवंत काम करते कीं तीन तास हा प्रश्न सुचूं नये. तें तिचें यश; कथेचें नव्हे.

वऱ्हाडांत तरी या कथेचें इतकें कौतुक नको होतें, कारण याच विषयावरची फार जुनी कथा आपल्या दाराशीं आहे. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतूनच श्रीकृष्णानें तिला नेलें, अशी इकडची परंपरा. भागवतांत भाऊ तिला शिशुपालास देऊं पाहतो. ती ब्राह्मणाहातीं स्वतः निरोप धाडते, वेळ आणि स्थळहि स्वतःच सुचविते. कोणाची मूठ सैल होण्याची वाट ती पाहत बसली नाहीं. आणि गंमत अशी कीं, चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींकडून एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चीं पारायणें करविण्याची चाल आपल्याच घरांतून होती! पोथी वाचावी, पण पोथींतल्या मुलीसारखें वागूं नये, असा हा अजब धर्म.

ती देवाची गोष्ट, असा आक्षेप येईल. मग माणसांचा कायदा पाहा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें सज्ञान मुलीला बापाची संमति लागत नाहीं. जोडीदार निवडणें हा सज्ञान व्यक्तीचा स्वतःचा अधिकार, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१८ सालीं हादियाच्या प्रकरणांत सांगितलें. परंतु त्याच कायद्यान्वयें लग्नाची नोटीस ३० दिवस आधीं द्यावी लागते व ती कचेरींत सर्वांस दिसेल अशी लावतात. घरच्यांना मुलीस गांठून, समजावून वा धमकावून परत नेण्यास एवढा अवधि पुष्कळ होतो. त्या महिन्यांत तिला आधार हवा असतो तो दागिने पुढें करणाऱ्या आईचा. आणि मुलींना शेजारीं बसवून आपण ज्या प्रसंगाला वाहवा देतों, त्यांत नायक ते दागिने परत करीत असतो.