किंकाळीचा बाजार

हल्ली पैसे घेऊन लोकांस रात्री शनिवारवाड्याच्या आसपास हिंडवावे व भुतांच्या गोष्टी सांगून त्यांच्या अंगावर काटा उभा करावा, असा एक धंदा पुण्यात निघाला आहे. ‘घटकाभर करमणूक झाली, तर बिघडले काय?’ असे त्याचे कैवारी विचारतात. भुतांच्या गोष्टींशी आमचे वैर नाही; त्या आम्हीही आजीच्या कुशीत ऐकल्या आहेत. परंतु ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी ज्यास ठार केले, तो नारायणराव पेशवा अवघा १८ वर्षांचा होता. त्याची ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून रात्री ऐकू येते, एवढे सांगून वाटाड्या बहुधा पुढे चालू लागतो. धन्याच्या अंगावर आपला देह घालून मेलेला चापाजी टिळेकर त्या कथेत येत नाही. सत्ता हाती असलेल्या रघुनाथरावास दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणेही येत नाहीत. भूत कोणास जाब विचारीत नाही; म्हणूनच ते विकावयास सोयीचे! वाड्याभोवती रात्री अवश्य हिंडावे. मात्र जो आमच्या मुलांस ती हाक ऐकवितो, त्याने त्या हाकेस ओ देणारी माणसेही दाखविली पाहिजेत.